आरशाचा स्क्रू

गेल्या मे महिन्यात, जळगावला अक्काकडे भरीत-भाकरीचे जेवण आटोपून दुपारी चारच्या सुमारास मी उन्हात उभी असलेली मोटार उघडली, तेव्हा भट्टीचे झाकण काढल्यासारखी ऊब अंगावर आली, आणि दार लावण्याच्या तेवढ्याशा हादऱ्याने समोरच्या काचेवरचा आरसा सुटून गिअरच्या दांड्यावर आपटला व तेथून पायापाशी जाऊन उताणा पडला. फुटला नाही. फुटला असता तर नवा घेऊन मोकळा झालो असतो आणि हा लेखही झाला नसता. पंचाईत अशी की आरसा शाबूत होता, त्याच्या मानेला धरणारे धातूचे बटण शाबूत होते, काच शाबूत होती. गेला होता तो या दोहोंमधला सुकलेला, पिवळट, रुपयाएवढा डिंक.

जळगावहून धुळे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा अशी गावे मागे पडत होती, पण ती मागे पडताना मला दिसत नव्हती. चालकाची नजर दर अर्ध्या मिनिटाला आपसूक वर जाते याचा पत्ता आरसा गेल्यावरच लागतो. दर वेळी माझी नजर त्या पिवळ्या डागावर ठेचकाळे, आणि दर वेळी मला नानांचे ते एकच वाक्य आठवे: ‘स्क्रू ढिला आहे.’

नाना म्हणजे आमचे वडील. धुळ्याच्या कलेक्टर कचेरीतल्या दप्तरखान्यात त्यांची सारी हयात गेली. १९८४ साली निवृत्त झाल्यावर, ज्या माणसाने सायकलच्या पंपालाही आयुष्यभर हिशेबाच्या वहीत रुजू केले होते, त्याने उपदानाच्या रकमेतून एक जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली, आणि आमच्या गल्लीतल्या लोकांनी (धुळ्यात गल्ल्यांना नावांऐवजी नंबर असतात, कॅप्टन ब्रिग्ज या पहिल्या इंग्रज कलेक्टराने नवी पेठ वसवली तेव्हापासूनची ही आखीव शिस्त) या अपव्ययाची कैफियत बरेच दिवस चघळली. त्या गाडीचा आरसा काचेला चिकटवलेला नव्हता. तो छताच्या कडेला स्क्रूने बसवलेला होता.

दोन वर्षांनी अक्काचे लग्न झाले. ‘मुलगी पूर्व खानदेशात दिली,’ असे नाना सांगत. खानदेशाचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली, पण दप्तरखान्यातल्या माणसाच्या जिभेवर जुनी फेरिस्तच कायम राहते. पाठवणीला त्यांनी भाड्याची गाडी येऊ दिली नाही. स्वतः चालवीन म्हणाले. मेहुणे पुढे बसले, मागे अक्का आणि पाठराखणीला म्हणून तेरा वर्षांचा मी. मागच्या जागेवरून नाना दिसत ते आरशातल्या पट्टीत मावतील तेवढेच: भुवया, चष्मा, डोळे. फागणे मागे पडले आणि त्यांनी डावा हात वर नेऊन आरसा छताकडे फिरवला. पट्टीत आता छताचे कापड दिसू लागले. मी विचारले, ‘नाना, आरशाला काय झालं?’ ते म्हणाले, ‘स्क्रू ढिला आहे.’ बांभोरीच्या पुलावर, गिरणा ओलांडताना, त्यांनी तो पुन्हा सरळ केला. तोवर डोळे नेहमीसारखेच होते.

स्क्रू खरोखर ढिला होता काय? या प्रश्नाचा मी चाळीस वर्षे निकाल लावलेला नाही. किंबहुना निकाल मनातल्या मनात केव्हाच लावून ठेवला आहे आणि पुरावा तेवढा शोधत आलो आहे.

आरशाकडे वळतो. परतीच्या वाटेवर पारोळ्याला एका कारागिराकडे थांबलो. त्याने आरसा हातात घेऊन, फार जुन्या ओळखीचे दुखणे पाहणाऱ्या वैद्याच्या निर्विकारपणे सांगितले, ‘उन्हायामा समदाच पडतस, भाऊ,’ आणि क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची नळी काढून, जुना थर न खरवडता, वर दोन थेंब टाकून आरसा दाबला. तीस रुपये. नवव्या दिवशी तो पुन्हा खाली आला. त्या माणसावर माझा राग नाही. माझा राग त्या नळीवर आहे, आणि खरे सांगायचे तर ‘चिकटलं ना, मग झालं’ या वाक्यावर आहे, जे हल्ली मला घराच्या गिलाव्यापासून सरकारी खुलाशापर्यंत सर्वत्र ऐकू येते. तो गोंद सुकला की कडक आणि ठिसूळ होतो. खड्ड्याचा आघात त्याला सोसत नाही. बाहेर ४५ अंश असता बंद गाडीतली काच हात लावू देत नाही, आणि त्या तापात धातूचे बटण काचेपेक्षा अधिक फुगते, रात्री तितकेच आक्रसते. दोघांच्या मध्ये सापडलेल्या थराने ही रोजची ओढाताण निभावायची असते.

नानांनी ती नळी घरात येऊ दिली नसती. दप्तरखान्यात फाटलेले कागद सांधण्याचे काम ते स्वतः करीत. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तीत किंचित मोरचूद घालायचे, पातळ कागदाची पट्टी बोटाने नव्हे तर कुंचल्याने बसवायची, वर जाडजूड रजिस्टर ठेवायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. या शेवटच्या हुकमावर त्यांचा विशेष कटाक्ष असे. धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवलेले इतिहासाचार्य राजवाडे हे त्यांचे दैवत. गावोगाव हिंडून, घराघरांतून जुने रुमाल सोडवून आणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापणाऱ्या त्या माणसाने कागद वाचवले, आपण निदान सांधावे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मागे पाहण्याच्या या यंत्राचा इतिहासही मी मधल्या दिवसांत चाळला. डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईंनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात मोटार हाकणाऱ्या स्त्रियांना हातआरसा जवळ बाळगून तो मधूनमधून उंच धरण्याचा सल्ला दिला आहे. दोन वर्षांनी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरौन हा एकटाच गडी शेजारी मागचे पाहणारा मेकॅनिक न घेता उतरला. इतरांनी तक्रार केली तेव्हा त्याने डोक्यासमोर आरसा ठोकला, आणि शर्यत जिंकली. पुढे त्यानेच कबूल केले की विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीएक दिसत नव्हते. चौपदरी होण्याआधीच्या आमच्या सुरत रस्त्याने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने समजली. हल्लीच्या आरशाखाली जी बारीक कळ असते, ती रात्री ओढली म्हणजे पाराविलेली बाजू छताकडे वळते, आणि पाचरीसारख्या घडलेल्या त्या काचेच्या नुसत्या पृष्ठभागावरून परतणारा, शेकडा चारएक भाग प्रकाश तेवढा चालकाच्या डोळ्यांत येतो. म्हणजे मागच्याचे दिवे दिसावेत पण खुपू नयेत, यासाठी आरसा छताकडे फिरवण्याची ही तजवीज आहे. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा निवल्यावर एके दिवशी सकाळीच मी कामाला बसलो. आरसा ज्या जागी हवा ती जागा आधी काचेच्या बाहेरून मेणाच्या पेन्सिलीने आखून घेतली, कारण आतून पुसापुशी सुरू झाली की खूण राहत नाही. दाढीच्या पात्याने जुना थर तासला. बटणावरचा थर बारीक पॉलिश कागदाने घासला. दोन्ही जागा स्पिरिटने पुसल्या, आणि मग बोट लावले नाही. आरशासाठीच मिळणारा गोंद वेगळा असतो: आधी एक द्रव लावून वाळू द्यायचा, नंतर गोंदाचा एकच थेंब, हा गोंद उघड्यावर ओलाच राहतो आणि काच व धातू यांच्यामध्ये दाबला जाऊन हवा तुटली की आवळतो. एक मिनिट दाबून धरायचे होते. मी दोन मिनिटे धरले. पुडीवर पंधरा मिनिटांनी आरसा टांगण्याची परवानगी होती. मी रात्रभर हात लावला नाही. आरशाला काहीबाही लोंबकळत ठेवण्याची चाल मला पूर्वीपासूनच नापसंत, त्यामुळे सौभाग्यवतींनी आणलेला छोटा गणपती डॅशबोर्डावर स्थानापन्न झाला. यावर घरात थोडा वाद झाला.

भाऊबीजेला जळगावला गेलो. ओवाळून झाल्यावर, चाळीस वर्षांत प्रथमच, मी अक्काला फागण्यापासून बांभोरीपर्यंतचा तो आरसा सांगितला. नानांचे डोळे, छताचे कापड, सारे सांगितले, आणि बहुधा माझा आवाजही थोडा जड झाला असावा. अक्का तबक खाली ठेवीत म्हणाली, ‘अरे, तो स्क्रू ढिलाच होता! परत निघताना यांनीच घट्ट केला, चार आण्याच्या नाण्याने. नाना किती वेळ शोधत होते स्क्रू-ड्रायव्हर.’ मेहुण्यांनी मान हलवून दुजोरा दिला.

दोघांची जबानी मी ऐकून घेतली आहे. मान्य केलेली नाही. नानांनी आदल्याच आठवड्यात गाडीचा प्रत्येक स्क्रू आपल्या हाताने आवळला होता, तेव्हा कंदील मी धरला होता.

मेणाची खूण काचेवर अजून आहे, आणि आरसाही जागेवर आहे. मे महिना मात्र यायचा आहे.