निगेटिव्ह फेकू नका

कष्टकऱ्याच्या घरी फोटो सहज निघत नसे. कुणाचे लग्न, शाळेचा गट-फोटो, नाहीतर म्हातारे माणूस आजारी पडले तर लगबगीने काढलेला एखादा फोटो. म्हणून आपल्याकडे फोटो खराब होणे म्हणजे नुसते पैसे वाया जाणे नव्हे, माणूसच हातचे जाणे. मी तीस वर्षांहून अधिक काळ घरीच कृष्णधवल रोल धुतो आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली. रोल बिघडला म्हणून लगेच फेकायचा नसतो. तो आधी वाचायचा असतो.

वाचायचा म्हणजे कसा? फिल्मच्या काठावर कारखान्यातच उमटवलेले आकडे आणि अक्षरे असतात. फिल्म कोरी निघाली, पण हे आकडे काळे व स्वच्छ दिसत असतील, तर रसायनाचा दोष नाही. कॅमेऱ्यात रोल पुढे सरकलाच नाही किंवा शटर उघडले नाही. आकडेही नसतील तर डेव्हलपर मेलेला होता, किंवा आधी हायपो ओतला गेला. सगळी फिल्म काळी झाली असेल तर कुठून तरी उजेड शिरला. पुष्कळांना वाटते, लाल दिवा चालतो. तो फोटोच्या कागदाला चालतो. नेहमीच्या फिल्मला लाल उजेडही लागतो. डब्यात रोल भरताना पूर्ण काळोख हवा. रात्री दाराच्या फटीला गोधडी लावली की काम होते.

माझी थोरली बहीण बिऱ्हाडाला लागली, त्या लग्नातला एक रोल तालुक्याच्या एका स्टुडिओने "वाया गेला" म्हणून परत दिला होता. दीड महिन्यातच आमची माय गेली. जन्मभर सुपात पाने घेऊन बिड्या वळणारी बाई, तिचा दुसरा फोटो नव्हता. मी तो रोल खिडकीशी धरून पाहिला. काठाचे आकडे ठळक होते. चित्रावर दुधासारखी साय होती आणि सायीखाली मांडवातली माणसे दिसत होती. अशी साय म्हणजे हायपो कमी पडला. नागपूरला सीताबर्डीवरून हायपो आणला, 250 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवला आणि रोल पुन्हा त्यात सोडला. काही मिनिटांत साय उतरली. डोक्यावरचा पदर सावरणारी माय स्पष्ट दिसू लागली. आज आमच्या पाचही भावंडांच्या घरी तोच फोटो आहे.

आता आमच्या मुलखाची खरी अडचण सांगतो, ती उन्हाची. पुस्तकात लिहिलेले असते, 20 अंश. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, टाकीचे पाणी हाताला कोमट लागते. डी-76 मध्ये 20 अंशाला आठ मिनिटे लागणारी फिल्म 24 अंशाला सुमारे सहा मिनिटांत तयार होते. पाणी 30 च्या वर गेले की वेळ इतका कमी उरतो की चट्टे पडतात, फिल्मवरचा थर मऊ होतो आणि नख लागले तरी सोलतो. उपाय सोपा आहे. काम रात्री उशिरा करावे. माठातले पाणी वापरावे. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवावी, बर्फ आत टाकू नये. मात्र डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी, तिन्ही एकाच उष्णतेची हवीत. गरम द्रावणातून फिल्म एकदम गार पाण्यात घातली की थर आकसतो आणि चित्रावर बारीक जाळी पडते. ती जाळी पुन्हा जात नाही.

बाकीचे दोष लहान आहेत. निगेटिव्हवर गोल, पारदर्शक ठिपके दिसले तर हवेचे बुडबुडे चिकटले होते. डेव्हलपर ओतल्याबरोबर डबा दोन-तीनदा ओट्यावर हलकेच आपटावा. पांढुरके डाग विहिरीच्या जड पाण्याचे. शेवटचे पाणी उकळून, गार करून, गाळून घ्यावे. हायपोची ताकद पाहायची तर कोऱ्या फिल्मचा तुकडा त्यात टाकावा. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवावा. नंतर भरपूर पाण्याने धुवावा, नाहीतर काही वर्षांनी पिवळे डाग येतात. या रसायनांची भांडी वेगळी ठेवावीत, स्वयंपाकाची वापरू नयेत. बाटल्यांवर नाव लिहून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात.

आता मोबाइल आहे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा "इंदू" रोलही बंद पडला. तरी नवी पोरे जुने कॅमेरे काढून हा नाद करू लागली आहेत, माझा पुतण्या त्यातलाच. त्याला मी सांगतो तेच वाचकांना सांगतो. घरातल्या पेट्या एकदा उघडून पाहा. फोटो फाटला असेल, पण निगेटिव्ह असेल तर माणूस अजून आहे. ते कडेने धरा, बटर पेपरच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर शाईने लिहा: कोण, कुठले गाव, कोणते साल. ओळखणारे म्हातारे घरात आहेत, तोवरच हे विचारून घ्या.