आठ की सोळा?

मोबाइल बदलायचा असेल तर आपण दुकानात जातो, हातात घेऊन बघतो, दोन सेल्फी काढतो आणि ठरवून टाकतो. ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. ते हातात घेऊन काहीच कळत नाही. दोन-तीन पंखे, काळं प्लास्टिक, थोडं लायटिंग, बस्स! आणि गेमिंगच्या कॉम्प्युटरमधली सगळ्यात महाग वस्तू बहुतेक वेळा तीच. म्हणजे निव्वळ आकड्यांवर विश्वास ठेवून घ्यायची. त्यात गंमत अशी, की ८ जीबीचं कार्ड आणि १६ जीबीचं कार्ड, दोघांचं नाव एकच असू शकतं.

२०२५च्या ऑगस्टमध्ये ही वेळ माझ्यावर आली. जुनं कार्ड २०१६च्या पिढीतलं. आधी स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसायला लागले, मग रांगोळीचे ठिपके, आणि एका रात्री थेट काळोख. वय झालं होतं, वर आमच्या खाडीकाठची दमट हवा. दोष कुणाला देणार?

एरवी म्हटलं असतं, असू दे, दिवाळीत बघू. पण प्रश्न शनिवारचा होता. माझा धाकटा भाऊ २०२१पासून जर्मनीत आहे. फोनवर आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलास का’, ‘थंडी किती’, ‘आईला फोन कर’, की संपलं. चार मिनिटं. पण शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे संध्याकाळी सहाला, दोघं हेडफोन लावून गेमला बसलो की दोन तास कुठे जातात कळत नाही. ‘अरे डावीकडे उडी मार, डावीकडे!’च्या मधेच तो सांगून टाकतो, की घरमालकाने भाडं वाढवलंय, की ऑफिसात करमत नाही. हे फोनवर कधीच निघालं नसतं.

त्यात आमचे गेमही असे, की दोघांशिवाय चालतच नाहीत. ‘इट टेक्स टू’ आम्ही संपवला होता. त्याच स्टुडिओचा ‘स्प्लिट फिक्शन’ मार्च २०२५मध्ये आला, आणि तो आमचा बरोबर अर्ध्यावर अडकला. एकट्याने पुढे जायची सोयच नाही. मी नाही तर तोही नाही.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. ऑफिसातला मित्र म्हणाला, ‘आरटीएक्स ५०७०च्या खाली बघूच नकोस.’ आई म्हणाली, ‘तेवढ्यात वॉशिंग मशीन येईल.’ बायको म्हणाली, ‘शनिवारी दोन तास तुझ्या हसण्याचा आवाज येतो. तेवढा येत राहील असं काहीतरी घे.’ आणि भाऊ म्हणाला, ‘दादा, थांब. डिसेंबरला येतोय, तेव्हा इथूनच आणतो.’

‘तिकडून आणतोस का?’ हा आपला पिढीजात फंडा. पण हिशेब मांडून बघा. जर्मनीतल्या किमतीत १९ टक्के व्हॅट असतो, इथे १८ टक्के जीएसटी. फरक तो काय? उद्या कार्ड बिघडलं तर वॉरंटीसाठी बहुधा परत तिकडेच पाठवा. आणि डिसेंबरपर्यंत चार महिन्यांचे सगळे शनिवार गेले, त्याचं काय?

तेव्हा इथेच घ्यायचं ठरलं. बजेट ४० हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. आता कुठलं? इथे मला यूट्यूबवरच्या चकाचक तक्त्यांपेक्षा आमच्या स्वयंपाकघराने जास्त मदत केली.

कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे पोळ्या लाटणारा आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे भाजणारा, असं धरा. लाटणारा एकच आणि तोही माझ्यासारखा थकलेला असेल, तर चार तवे मांडून उपयोग काय? तवे तापत बसतील, पोळ्या तेवढ्याच. माझा प्रोसेसर २०१८ सालचा. त्याच्या जोडीला आरटीएक्स ५०७० बसवलं असतं, तर त्याचा बराचसा वेळ वाट बघण्यात गेला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे आपला स्क्रीन. माझा साधा फुल एचडी. त्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. १४४० वाल्या स्क्रीनवर सुमारे ३७ लाख आणि फोर-के वर ८३ लाख. कार्डाला दर फ्रेमला एवढं सगळं रंगवायचं असतं, आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. फोर-के वाल्याचा सल्ला फुल एचडी वाल्याने का ऐकायचा? त्याला चौपट रंगवायचंय.

आणि मग तो आठ की सोळाचा घोळ. कार्डाची मेमरी म्हणजे भाजणाऱ्याचा ओटा. लागणारं सगळं सामान ओट्यावर मावलं तर काम सॉलिड चालतं. नाही मावलं की प्रत्येक वेळी आतल्या खोलीतल्या फडताळाकडे पळायचं. ते फडताळ म्हणजे कॉम्प्युटरची रॅम, आणि मधला बोळ म्हणजे मदरबोर्डवरचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट.

माझा मदरबोर्ड जुना, त्यामुळे बोळ अरुंद. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं त्या बोळाच्या १६ पदऱ्यांपैकी ८च वापरतात. नव्या बोर्डावर फारसं जाणवत नाही, पण माझ्यासारख्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ८ पदरी म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी. आता बघा, ८ जीबीचं ५०६० ओट्यावरून सेकंदाला ४४८ जीबी उचलतं. ओटा भरला की कुठे ४४८ आणि कुठे ८! म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवाल्यालाच मोठ्या मेमरीची गरज जास्त. आपल्याला उलट वाटतं, ‘मशीन जुनं आहे, ८ जीबी बास झालं.’

इंटेलचं आर्क बी५८० मात्र मोह घालत होतं. डिसेंबर २०२४मध्ये १२ जीबी मेमरी घेऊन २४९ डॉलरला आलं. पण त्याला रिसायझेबल बार नावाची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या बोर्डांवर नसते, आणि जुन्या प्रोसेसरसोबत ते मागे पडतं. नवा संसार मांडणाऱ्याला उत्तम, मला नाही.

राहिलं सेकंडहँड. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. एका दुकानात माझ्या जुन्या कार्डाचंच जुळं भावंड समोर आलं. ‘साहेब, एकदम मख्खन चालतंय.’ बॉक्स नाही, बिल नाही. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. कुठलं कार्ड कुठे राबलंय, चेहऱ्यावरून कळत नाही. शिवाय त्या पिढीला आता पुढे रस्ताच नाही. त्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर थांबवले, फक्त सुरक्षेचे अपडेट ठेवले. आणि डिसेंबर २०२४चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा मे २०२५चा ‘डूम: द डार्क एजेस’ रे ट्रेसिंगशिवाय चालतच नाहीत. ते हार्डवेअर त्या कार्डांत नाही.

शेवटी यादीत एकच नाव उरलं. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. ते १६ही पदऱ्या वापरतं, वीज १६० वॅट, त्यामुळे ५०० वॅटचा पॉवर सप्लाय बदलायची गरज नाही. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत ३४९ डॉलर. त्याला रुपयात आणून १८ टक्के जीएसटी लावला तरी बजेटात बसत होतं. फक्त दुकानात बॉक्सवरचा १६ हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, कारण याच नावाचं ८ जीबीचंही मिळतं. निघण्यापूर्वी टेपने कॅबिनेटची आतली लांबी मोजून ठेवली होती. तीन पंख्यांचं मॉडेल बसणार नव्हतं, दोन पंख्यांचं घेतलं.

तुम्हालाही कार्ड बदलायचं असेल तर आधी कार्डांच्या किमती बघू नका. आपला स्क्रीन, प्रोसेसर, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटची लांबी एका कागदावर लिहा. त्याखाली आपण खरंच खेळतो ते गेम लिहा. खेळू असं वाटतं ते नाही. अर्धी दुकानं तिथेच बाद होतात. आणि सेल लागायची वाट फार बघू नका. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स पळवल्या आणि त्यांच्या किमती भडकल्या. तेव्हा १६ जीबी आधीच माझ्या टेबलाखाली होते.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी ‘स्प्लिट फिक्शन’ जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. भावाने विचारलं, ‘किती एफपीएस येतायत?’ मी सांगितलं. मग एक अवघड टप्पा पार केल्यावर तो म्हणाला, ‘दादा, डिसेंबरचं जमत नाहीये. सुट्टीच नाही मिळाली. आईला तू सांगशील?’

म्हटलं, सांगतो. आणि पुढच्या शनिवारी साडेनऊलाच ये, उशीर नको.