मांडवीवरील चहा

आम्हां देवनारकरांस द्यूतगृह ठाऊक तें सभापर्वांतलें. महाराष्ट्रानें १९७६ सालीं कॅसिनोंचा कायदा केला खरा. परंतु तो कधींच अंमलांत न येतां २०२३ सालीं रद्द झाला. गोव्याची गोष्ट निराळी. तेथें १९९६ सालच्या दुरुस्तीनें जहाजांवरील जुगारास मुभा मिळाली. मात्र स्वतःच्या रहिवाशांस सरकारनें २०२० सालीं तेथें मज्जाव केला. घरच्यांस वर्ज्य तें पाहुण्यांच्या पानांत!

पुतण्याच्या आग्रहास्तव गेल्या हिवाळ्यांत आम्ही पणजीस मांडवींतील अशा एका जहाजावर गेलों. खेळाच्या दालनाशेजारीं एकीकडे कॉकटेलचा कट्टा, दुसरीकडे चहाची बैठक. मऊ आसनें, मंद दिवे, अदबशीर सेवक. घड्याळ मात्र कोठें दिसलें नाहीं. शेजारच्या बाईंपुढील चहा केव्हांच निवला होता. "एकच डाव म्हणून गेले आहेत," एवढेंच त्या म्हणाल्या. आमचे दोन प्याले झाले, तरी 'ते' आले नाहींत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसाव्या सूक्तांत जुगारी स्वतःच्या तोंडानें सांगतो, कीं अनुरक्त पत्नी आपण फाशांपायीं दूर लोटली. त्या पत्नीस बसावयास कोणीं मऊ आसन दिलें नव्हतें, एवढाच काय तो फरक. चहा हा घरच्या पाहुणचाराचा; तो समोर आला, कीं स्थळ घरासारखें वाटूं लागतें, आणि वाट पाहणारें माणूस उठून 'आतां चला' म्हणत नाहीं. सुजाण वाचकांनीं कॉकटेलपेक्षां त्या चहासच अधिक भ्यावें, असें आमचें मत झालें आहे.