यादीतली पहिली ओळ

आम्ही उभयता मूळचे भुसावळचे. नोकरीनिमित्त २००९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात आलो आणि डेट्रॉईट शहराजवळ स्थिरावलो. आमच्यापैकी एक जण मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे, दुसरी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, कारण यात सांगितलेल्या चुका दोघांच्याही आहेत.

नाव म्हटली की आपल्याकडे दोनच माणसे डोळ्यांपुढे येतात. एक पोटासाठी समुद्रात जाणारा कोळी आणि दुसरा हौसेसाठी जाणारा श्रीमंत. मिशिगनमध्ये तसे नाही. या राज्यात अकरा हजारांहून जास्त तळी आहेत आणि अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी चारांचा किनारा या राज्याला लागतो. कारखान्यात वेल्डिंग करणारा माणूसही रविवारी जुनी नाव गाडीमागे बांधून मासे धरायला जातो. आमच्या पाळीतले एक सहकारी निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी आपली सोळा फुटी ॲल्युमिनियमची नाव, मागे लावायचे इंजिन आणि ट्रेलर असे सगळे आम्हाला स्वस्तात दिले. ते वर्ष २०१६. थोरली तेव्हा सात वर्षांची होती आणि धाकटा तीन वर्षांचा.

धक्क्यावर नाव बांधून ठेवायची तर भाडे भरावे लागते. ते आम्हाला परवडणारे नव्हते. म्हणून नाव घराच्या अंगणात ट्रेलरवर उभी असे. सुटीच्या दिवशी ती पिकअप गाडीला जोडायची, चाळीस मिनिटे ओढत सेंट क्लेअर सरोवरापर्यंत न्यायची आणि तेथे पाण्यात उतरत गेलेल्या सिमेंटच्या उतारावरून, म्हणजे रॅम्पवरून, ट्रेलर उलटा नेऊन नाव पाण्यात सोडायची. ऐकायला सोपे वाटते. सहकाऱ्यांनी दोनदा बरोबर येऊन दाखवलेही होते. तिसऱ्या वेळी आम्ही स्वतःच्या बळावर गेलो.

नावेच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक असते. आत साठलेले पावसाचे पाणी जमिनीवर असताना वाहून जावे म्हणून ते ठेवलेले असते. त्याला एक बूच असते, अंगठ्याएवढे. नाव पाण्यात सोडण्यापूर्वी ते लावायचे, बाहेर काढल्यावर ते काढायचे. त्या दिवशी आमचे बूच स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांजवळ राहिले होते.

किनाऱ्यापासून शंभरेक मीटर गेल्यावर थोरली म्हणाली, "आई, माझे बूट ओले झाले." आम्ही तिलाच रागावलो, की पाण्याशी खेळू नकोस. नंतर पाहिले तर पाणी घोट्याला आले होते आणि तेलाचा डबा तरंगत होता. भोकाला चिंधी कोंबली, नाव वळवली आणि कसेबसे परत आलो. दोन्ही मुलांच्या अंगात लाईफ जॅकेट होते, एवढेच त्या दिवशी शहाणपणाचे घडले होते.

घरी आल्यावर भांडण झाले. एकाचे म्हणणे, बूच ठेवणे तुझे काम. दुसरीचे म्हणणे, लावणे तुझे काम. दोघेही खरे बोलत होते, आणि म्हणूनच बूच राहिले होते. ज्या कामाला दोन धनी असतात त्याला एकही नसतो, हे आम्हाला तेव्हा उमगले. त्याच रात्री आम्ही मुलीच्या वहीतले पान फाडून यादी लिहिली.

यादी लिहिताना मनात थोडी लाजही होती. शिकलेल्या माणसाला कागद बघून बूच लावावे लागते काय, असे वाटे. पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यातल्या एकीला ठाऊक होते, की शस्त्रक्रियेच्या खोलीतही मोठमोठे डॉक्टर यादी मोठ्याने वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एकोणीस कलमांची अशी यादी जाहीर केली. ती तयार करण्याच्या कामात पुढाकार होता डॉ. अतुल गवांदे यांचा. त्यांच्या वडिलांचे गाव म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले उटी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील आठ इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण हजारी पंधरावरून हजारी आठवर आले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

विमानांच्या बाबतीत तर ही गोष्ट त्याहून जुनी आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायो राज्यात बोईंग कंपनीचे एक नवे प्रचंड विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. दोघे जण प्राणाला मुकले. चालवणारा नवशिका नव्हता, अत्यंत अनुभवी होता. जमिनीवर उभ्या विमानाचे शेपटीकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून जी खीळ लावतात, ती काढायची राहिली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी याद्या आल्या. म्हणजे विसरतो तो अडाणीच असतो असे नाही. ज्याचा हात रोज त्या कामावर बसलेला असतो, त्याचेही मन दुसरीकडे जाते आणि हात आपोआप पुढे सरकतो.

दोन वर्षे आमची यादी चांगली चालली. मग २०१८ च्या जुलैत दादा आले, म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. घरात सगळेच त्यांना दादा म्हणतात. रेल्वेत इंजिनावर असिस्टंट म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले.

रविवारचा दिवस होता. रॅम्पवर गर्दी, मागे गाड्यांची रांग, कोणीतरी हॉर्न वाजवत होते. एक जण गाडी मागे घेत होता. दुसरी दोर हातात धरून बाजूच्या फळ्यांच्या धक्क्यावर उभी होती. धाकटा तिच्याजवळ आहे असे त्याला वाटले आणि गाडीत आहे असे तिला वाटले. तो दोघांजवळही नव्हता. त्याचा लाल चेंडू उतारावरून घरंगळत गेला होता आणि तो ट्रेलरच्या मागे वाकून चेंडू उचलत होता.

दादा बाजूला हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "थांब!" तो आवाज इंजिनाच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा होता. ब्रेक लागला. ट्रेलरचे चाक आणि मूल यांच्यामध्ये हातभर अंतर उरले होते.

त्या दिवशी नाव पाण्यात गेली नाही. दादा दिवसभर काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, "तुमची ती यादी आणा." चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, "यात लोखंड सगळं आहे. माणसं कुठं आहेत?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दादांनी पेन मागितला आणि सर्वांत वर, आमच्या इंग्रजी ओळींच्या डोक्यावर, मराठीत लिहिले, "पोरं मोजा."

मग त्यांनी यादी वाचायची पद्धतही शिकवली. आपल्या रेल्वेत सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघेही तो मोठ्याने पुकारतात. एकाने पाहिले म्हणून दुसऱ्याने गप्प बसायचे नाही. दादा म्हणाले, "मनात वाचलेली यादी वाचली नाही असं समजा." तेव्हापासून आमच्याकडे एक जण ओळ वाचतो आणि दुसरा त्या वस्तूला हात लावूनच उत्तर देतो. मध्ये कोणी बोलायला आले, फोन वाजला, तर तो भाग पुन्हा पहिल्यापासून. मागे कोणी हॉर्न वाजवला तरी तसेच.

आता यादीविषयी थोडे सविस्तर सांगतो. तिचे पाच भाग आहेत, कारण एकच लांब यादी कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

पहिला भाग आदल्या रात्रीचा. माणसागणिक एक लाईफ जॅकेट, अंगाला घालून पाहिलेले. टायरमधली हवा, ट्रेलरची स्टेपनी, तिच्या नटाला बसणारा पान्हा. बूच, आणि दुसरे जादा बूच. आम्ही कोणत्या तळ्यावर जातो आणि किती वाजता परतणार, हे शेजाऱ्यांना सांगितले का.

दुसरा भाग अंगणात, गाडी जोडताना. गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरचे तोंड बसते. गोळा दोन इंचांचा असेल तर तोंडही दोन इंचांचेच हवे. लहान गोळ्यावर मोठे तोंड बसल्यासारखे दिसते आणि खड्ड्यात उसळून निघते. खटका लावल्यावर ट्रेलरचा जॅक थोडा वर फिरवून पाहायचे. गाडीची मागची बाजूही त्याबरोबर उचलली गेली, तर जोड पक्का. मग जॅक पूर्ण वर घ्यायचा. दोन साखळ्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे तोंड निसटलेच तर ते रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत राहते. शेवटी दिवे: ब्रेकचा, डावा, उजवा. एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पुकारायचे.

तिसरा भाग वाटेतला. दहाएक मैलांवर थांबायचे, पट्टे सैल झाले का ते पाहायचे आणि चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहायचा. बेअरिंग जास्त तापले असेल तर तेथेच कळते.

चौथा भाग तळ्यावर, पण रॅम्पवर जाण्यापूर्वी मोकळ्या जागेत. बूच लावा. मागचे पट्टे सोडा. दोर बांधा. दिव्यांची वायर काढा. नावेच्या तोंडाशी असलेला पट्टा मात्र पाण्याजवळ जाईपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर नाव उतारावर घसरून सिमेंटवर आपटते. गरम चाके एकदम थंड पाण्यात घालू नयेत, कारण आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढले जाते. त्यामुळे या भागात घालवलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत.

आणि त्यानंतर, गाडी मागे घेण्यापूर्वी, पुन्हा "पोरं मोजा." दादांची ओळ आम्ही पाचही भागांच्या डोक्यावर लिहिली आहे. मुले एका ठरलेल्या खांबाजवळ उभी राहतात आणि तेथून "दोन" असे ओरडतात. ते ऐकू आल्याशिवाय गाडी हलत नाही.

पाचवा भाग परतीचा. यात बूच काढणे आले, आणि त्यामागे आणखी एक कारण आहे. युरोपातून जहाजांच्या पाण्याबरोबर आलेला, नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा शिंपला १९८८ साली याच सेंट क्लेअर सरोवरात सापडला. तेथून तो नावांना चिकटून आणि नावांत राहिलेल्या पाण्यातून तळ्यातळ्यांत पसरला. म्हणून २०१९ पासून मिशिगनमध्ये बूच काढून, सगळे पाणी सांडूनच नाव रस्त्याने न्यावी असा कायदा आहे. आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचे तळे नासू नये, हेही यादीच शिकवते.

लाईफ जॅकेटबद्दल एक शब्द. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार, नावेच्या अपघातात बुडून मेलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेले नव्हते. जॅकेट नावेत पडून असले तर उपयोग नसतो. मिशिगनच्या कायद्याने लहान नावेच्या उघड्या भागात सहा वर्षांखालील मुलाला ते घातलेच पाहिजे. आमच्या यादीने ते सगळ्यांनाच घातले आहे.

काही वाचकांना वाटेल, आपल्याकडे ना नाव ना ट्रेलर, मग हे कशासाठी वाचायचे? पण गॅसची शेगडी, रिक्षाचे ब्रेक, परीक्षेला निघालेल्या मुलीचे प्रवेशपत्र, लग्नाला निघालेल्या टेम्पोतली लहान मुले, हे सगळे आपल्याकडे आहेच. पत्र्याच्या डब्यावर चिकटवलेल्या चार ओळी पुरतात. मात्र यादी जे काम करतात त्यांनी मिळून लिहावी, ती मोठ्याने वाचावी आणि चूक झाली की भांडण्याऐवजी एक ओळ वाढवावी. आमच्या यादीतली जवळजवळ प्रत्येक ओळ एकेका चुकीतून आलेली आहे.

थोरली आता सोळा वर्षांची आहे. रिकाम्या मैदानात ट्रेलर उलटा घ्यायला शिकते आहे. स्टिअरिंग खालून धरायचे, म्हणजे हात जिकडे जातो तिकडे ट्रेलर वळतो, हे तिला आमच्यापेक्षा लवकर जमले. वहीचे ते पान कधीच जीर्ण झाले. आम्ही नवी यादी टाईप करून प्लॅस्टिकमध्ये घातली, पण दादांचे अक्षर कापून वर चिकटवले आहे.

दादा भुसावळला असतात. गेल्या उन्हाळ्यात रॅम्पवर असताना त्यांचा फोन आला. थोरली यादी वाचत होती. तिने फोन घेतला नाही. तो भाग पुन्हा पहिल्यापासून वाचून झाला, नाव पाण्यात गेली आणि मग तिने त्यांना उलट फोन लावला. फोन का घेतला नाहीस, असे दादांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, "किती?"

ती म्हणाली, "चार. आई-बाबा पण मोजले."