खारीचा वाटा, शिक्र्याचा वाटा

नगरच्या थंडीची ओळख पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना बहुधा हुरड्याच्या निमित्ताने होते. डिसेंबर-जानेवारीत कुणाच्या तरी मळ्यावर जावे, आगटीत भाजलेली कोवळी कणसे यजमानांनी हातावर चोळून द्यावीत, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर त्या हिरव्या दाण्यांचे बकाणे भरावेत आणि ‘हवा काय सुरेख आहे हो तुमच्या नगरची!’ असे प्रशस्तिपत्र देऊन संध्याकाळच्या गाडीने परतावे, असा रिवाजच आहे. 2024 साली सरकारदरबारी या शहराचे नाव अहिल्यानगर झाले. पण हुरड्याचे आमंत्रण अजून ‘नगरला या’ असेच जाते.

पाहुण्यांच्या सहसा लक्षात येत नाही ते असे की, या हुरड्यावर त्यांच्या आधी पाखरांचा डोळा असतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पश्चिमेकडचा डोंगरी अकोले तालुका सोडला, तर वर्षाकाठी 20-22 इंच पाऊस म्हणजे बरे साल. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर उभी राहते, थंडीत दाणा धरते, आणि नेमके त्याच वेळी मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवे तिच्यावर उतरतात. मग शेतात माळा उभा राहतो आणि गोफण फिरू लागते. पण सुगी झाली की तोच शेतकरी निवडक कणसांची जुडी बांधून ओसरीला टांगतो, ती चिमण्यांसाठी! शेतात धोंडा आणि घरी दाणा. यात काही विसंगती आहे, असे आमच्याकडच्या माणसाला वाटत नाही. शेतातले पाखरू चोर असते, ओसरीवरचे पाहुणे असते.

पाखरांच्या पाहुणचाराची एक नामांकित हकीकत नगरच्या भुईकोट किल्ल्यात घडली आहे. ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’चा ठराव होताच काँग्रेस कार्यकारिणीतील पुढाऱ्यांना या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी येथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मौलाना आझादांनी येथेच एका स्नेह्याला उद्देशून, धाडता न येणारी पत्रे लिहिली. ती 1946 साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत चिमण्यांची एक मोठी गंमतीची गोष्ट आहे. खोलीच्या छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांशी मौलानांनी आधी युद्ध पुकारले, त्यात हार खाल्ली, आणि मग तांदळाचे दाणे टाकून तह केला. पुढे त्या इतक्या धीट झाल्या की थेट हातावरचे दाणे टिपू लागल्या, आणि मौलानांनी त्यांना कलंदर, मुल्ला अशी नावेही ठेवली. नेहरूंनी तर त्याआधीच आपल्या आत्मचरित्रात लखनौच्या तुरुंगातल्या खारींविषयी लिहून ठेवले होते. ते वाचत स्तब्ध बसले की एखादी खार पायावरून चढून त्यांच्या गुडघ्यावर येऊन बसे.

कैद्याच्या वाट्याला आलेले हे मैत्र वाचताना मन भरून येते. पण उघड्या परसात रोज दाणे टाकू लागले की चिमण्या आणि खारी यांच्या पाठोपाठ एक तिसरा पाहुणा हजर होतो. त्याला कुणी बोलावलेले नसते, आणि त्याला दाणे नको असतात.

सावेडीला आमच्या घरामागे लहानसा परस आहे. एक शेवगा, एक कडुनिंब, कोपऱ्यात बोर आणि कडेने मेंदीचे कुंपण. सासूबाईंचे माहेर शेवगाव तालुक्यातले. दिवाळीचा फराळ संपला की त्या परसात एका मातीच्या परळात ज्वारी-बाजरी आणि दुसऱ्यात पाणी ठेवू लागतात. हा नेम होळीपर्यंत चालतो. घरच्या वाणसामानाच्या यादीत ‘पाखरांची ज्वारी’ अशी वेगळी ओळच असते.

या पंगतीलाही एक क्रम आहे. उजाडताच चिमण्या येतात. मग होले येतात. ते जेवताना शेजाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. साळुंक्या भांडत येतात, सातभाई भांडत येतात आणि भांडतच जातात. खारींना मात्र नगरची थंडी सोसत नाही. कडुनिंबाच्या बुंध्यावर ऊन येईपर्यंत त्या बिळातून डोके काढत नाहीत. एकदा ऊन लागले की बुंध्याला चिकटून अंग शेकतात आणि मग थेट परळात मधोमध बसकण मारतात. शेपटी पाठीवर घ्यायची, दाणा दोन्ही हातांत धरून फिरवायचा, कुरतडायचा आणि टरफल चिमण्यांच्या अंगावर टाकायचे. सेतू बांधताना वाळू वाहून नेणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटे फिरवली आणि तिला पट्टे आले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली. शास्त्रज्ञ सांगतात की आपल्या देशात तीन पट्ट्यांच्या खारी आहेत तशाच पाच पट्ट्यांच्याही आहेत. पट्टे किती का असेनात, आपण ‘खारीचा वाटा’ म्हणजे अगदी थोडा वाटा असे जे समजतो, ते आमच्या परळाला लागू पडत नाही. तिथे खारीचा वाटा निम्म्याहून अधिक असतो.

अशा खाणाऱ्या जिवांमागोमाग त्यांना खाणारे येतात. दुपारी शेजारचा बोका कुंपणाच्या बुडाशी दबा धरतो. एखादे मुंगूस भिंतीकडेने हुंगत जाते. दिवेलागणीला पिंगळा तारेवर बसून सांडलेल्या दाण्यांवर येणाऱ्या उंदरांची वाट पाहतो. धामण थंडीत फारशी हिंडत नाही, तेवढीच उसंत. पण या सर्वांत दरारा असतो तो शिक्र्याचा.

शिक्रा हा ससाण्याच्या चालीचा लहानसा शिकारी पक्षी. आकाराने कबुतराएवढा, पाठीकडून राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. तो घारीसारखा आभाळात घिरट्या घालत नाही. दाट फांदीत अंग चोरून बसतो आणि निघाला की जमिनीलगत, भिंतीच्या आडोशाने, असा येतो की तो दिसेपर्यंत काम झालेले असते. म्हणून परसाने त्याच्यासाठी पहारे ठेवलेले आहेत. पहिली वर्दी बहुधा खार देते. शेपटीला हिसके देत ती ‘चिक्-चिक्-चिक्’ असा एकसुरी गजर लावते, सातभाई तो उचलतात, आणि चिमण्या क्षणात मेंदीत गडप होतात. कोतवाल तेवढा अंगावर धावून जातो. पण हा कोतवालही नावासारखा धुतल्या तांदळासारखा नाही. शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून तो साळुंक्यांना पळवून लावतो आणि त्यांचा घास लाटतो, असे पक्षिनिरीक्षकांनी नोंदवून ठेवले आहे. खोटी वर्दी देणारा पोलिस पाखरांतही असतो!

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी वर्दीला उशीर झाला. राखी रंगाची एक रेघ भिंतीवरून आली, परळावरून गेली, आणि परळात उरली ती दोन-चार पिसे. कडुनिंबाच्या फांदीवर शिक्रा एका पायाखाली चिमणी दाबून बसला होता. आमची आठवीतली कन्या दप्तर हातात घेऊन दारात उभी होती. तिने सगळे पाहिले.

संध्याकाळी घरात परिषद भरली. शेजारचे अण्णा म्हणाले, “बेचकी देतो. दोन दगडांत पुन्हा फिरकायचा नाही.” शिक्र्याला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे असे मी सांगितल्यावर त्यांनी बेचकीचा विषय सोडला, पण चेहऱ्यावरून कायदा त्यांना पटलेला दिसला नाही. कन्येचे म्हणणे वेगळे होते.

“आजी, उद्यापासून दाणे बंद कर. आपणच त्यांना जेवायला बोलावतो आणि आपणच मारायला देतो.”

“दाणे बंद केले म्हणून तो काय ज्वारी खाणार आहे होय?” सासूबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या दारातली चिमणी उचलील.”

“पण ती आपल्या दारातली नसेल ना!”

यावर कुणालाच पटकन बोलता आले नाही. मुलीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पाखरे रानात विखुरलेली असतात तेव्हा शिक्र्याला त्यांचा शोध घ्यावा लागतो. आपण दाणे टाकून त्यांना रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी गोळा करतो. पुण्य पदरी पडते ते आपल्या, आणि धोका असतो तो त्यांचा. दान देणाऱ्याने आपल्या दानाचा पुढचा हिशेब पाहायचा की नाही? पाहायचा नसेल, तर ते दान डोळे मिटून केलेले.

सासूबाईंनी त्या रात्री उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तो परळ परसाच्या मध्यातून हलले होते. बोरीच्या झुकलेल्या काटेरी फांदीजवळ एक कमरेएवढा उंच दगडी खांब पूर्वीपासून पडीक होता, त्यावर त्यांनी ते ठेवले होते. “माहेरी आमच्या कोंबड्या होत्या,” त्या नातीला सांगत होत्या. “घार आली की कोंबडी पिलांना घेऊन बोरीखाली पळायची. दाणा कुठं टाकायचा, ते आई बोरीकडं बघून ठरवायची. पाखरू दोन उड्यांत काट्यांत शिरलं पाहिजे. आणि खाली दाट झुडूप नको, तिथं मांजर बसतं.”

इंग्लंड-अमेरिकेत थंडीच्या दिवसांत बागेत पाखरांसाठी दाणे टांगण्याची मोठी हौस आहे, आणि तिथली पुस्तके हेच सांगतात. आडोसा जवळ असावा, पण मांजर लपेल इतका लगटून नसावा. भांडे वरचेवर धुवावे, कारण घाणेरड्या भांड्यातला रोगही पाखरे मारतो. खारट फरसाण किंवा बुरसलेला पाव घालू नये. शेवगावकडच्या अडाणी समजल्या गेलेल्या माऊलीला यातले निम्मे तरी कोंबड्यांनी शिकवले होते.

शिक्रा त्यानंतरही येत राहिला. बहुतेक झेपा फुकट गेल्या. एकदा त्याने खारीवर झडप घातली, तेव्हा ती बुंध्याच्या पलीकडे गेली. तो पलीकडे वळला, तर ती अलीकडे आली. बुंधा मध्ये ठेवून दोघांची अशी लपाछपी चालली आणि शेवटी दमून गेला तो शिक्राच. कधीमधी त्याचे साधले नाही असे नाही. तेव्हा कन्या खिडकीपासून दूर जात असे. पण दाणे बंद करा असे पुन्हा म्हणाली नाही.

हाच प्रश्न आमच्या जिल्ह्यात एका ठिकाणी फार मोठ्या मापाने उभा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या अकोले भागात (हे अकोले वऱ्हाडातले अकोला नव्हे) विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांतून आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. 2013 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष वाचून भलेभले चकित झाले. चौरस किलोमीटरला 300हून अधिक माणसे राहतात अशा त्या ऊस-मक्याच्या मुलखात, दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस वावरत होते. ते काय खातात याचा अभ्यास 2014 साली आला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारात सुमारे 87 टक्के वाटा गावाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांचा होता. एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच होता. शेळीला रात्री गोठ्याचा आडोसा मिळतो, उकिरड्यावरच्या कुत्र्याला मिळत नाही.

म्हणजे उकिरडा हेच तिथले परळ झाले. आपण टाकतो, कुत्रे खाते, कुत्र्याला बिबट्या खातो. आणि परसातल्या चिमणीवर जे हळहळून भागते, ते इथे हळहळण्यावर भागत नाही. अलीकडच्या वर्षांत नगर आणि पुणे जिल्ह्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, लहान मुले गेली. ज्या घरातले मूल गेले त्या घराला निसर्गाचा समतोल समजावून सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यांचा पहिला हक्क सुरक्षित अंगणाचा आहे. पण अंगण सुरक्षित करायचे तर पिंजऱ्यांबरोबर उकिरड्याचा, रात्रीच्या दिव्याचा आणि पक्क्या गोठ्याचाही विचार करावा लागतो, एवढे त्या आकड्यांवरून दिसते.

उलट शिकाऱ्याचा धाक पुरेसा नसला तर काय होते, हे मुंबईकरांना सांगायला नको. 2025 साली कबुतरखान्यांवरून तिथे केवढे वादळ उठले! दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा एकीकडे आणि श्वास कोंडणाऱ्यांची छाती दुसरीकडे. तिथेही प्रश्न हाच होता, की दाणा हातातून सुटल्यावर तो कुठे जातो हे पाहायचे कुणी?

नगर जिल्ह्यातच, नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी पसायदान मागितले. जीवमात्रांत मैत्री जडावी, हे त्यातले मागणे वर्गात शिकवताना दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, “मग वाघाने काय खायचे?” पूर्वी मी तात्त्विक उत्तर देत असे. आता मी त्याला बोरीजवळच्या परळाची गोष्ट सांगते. शिक्र्याला शाकाहारी करणे माझ्या हातात नाही. चिमणीला दोन उड्यांवर आडोसा देणे आहे. मैत्रीचा एवढा भाग माणसाला जमण्यासारखा आहे.

यंदाच्या दिवाळीच्या वाणसामानाची यादी परवा फळीवर पाहिली. सासूबाईंच्या अक्षरात ‘पाखरांची ज्वारी, 5 किलो’ असे लिहिले आहे. त्याखाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात, एक ओळ वाढली आहे: ‘बोरीची फांदी छाटू नये.’