अंगाला कळते ते

भूलतज्ज्ञ आणि सौंदर्यशास्त्राचे प्राध्यापक यांचे कूळ एकच. ‘ॲनेस्थेशिया’ आणि ‘एस्थेटिक्स’ ही दोन्ही नावे ग्रीक ‘ऐस्थेसिस’वरून आली. त्याचा अर्थ ‘इंद्रियसंवेदना’ असा सांगून सहसा मोकळे होतात, पण तो अपुरा आहे. त्यामागचे ‘ऐस्थानोमाइ’ हे क्रियापद थ्युसिडिडीझच्या इतिहासात शत्रूच्या हालचाली कळण्यासाठीही येते. चाहूल लागणे, सुगावा लागणे, उमगणे हे सारे त्याच्या पोटात मावते. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘प्राचीन वैद्यक’ या ग्रंथाने तर पथ्य ठरवताना आकडा किंवा वजन नव्हे, शरीराची ऐस्थेसिस हेच माप मानले आहे. ती रोग्याची की वैद्याची, यावर अभ्यासक भांडतात, भांडोत बापडे. जी माप म्हणून चालते तिच्यात निवाडा असणारच. ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्रही इथेच येऊन ठेपते. मर्यादेपासून किती ढळले की माणूस दोषी, हे नियमात बांधता येत नाही. ते त्या त्या प्रसंगात कळते आणि निकाल ऐस्थेसिसच्या हाती असतो.

यावर प्लेटोचा आक्षेप उभा राहतो. ‘थिएटेटस’ या संवादात ‘ज्ञान म्हणजे ऐस्थेसिस’ ही व्याख्या सॉक्रेटिस मोडून काढतो. रंग डोळ्यांमार्फत कळतो, आवाज कानांमार्फत. पण दोन्ही आहेत आणि एकमेकांहून वेगळे आहेत, हे कोणत्या इंद्रियाने सांगितले? ते जीव स्वतःच ताडतो. युक्तिवाद बिनतोड आहे, मात्र तो लागू पडतो शब्दाचा अर्थ आधी आकसून घेतल्यावर. याच संवादात थोडे आधी सुख, दुःख, इच्छा आणि भीती यांनाही ऐस्थेसिसमध्येच गणले आहे. म्हणजे इंद्रिय आणि समज यांच्यामधली भिंत वादासाठी बांधली गेली; बोलीत ती नव्हती.

अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ बाउमगार्टेनने १७३५च्या प्रबंधात ‘एस्थेटिका’ हे नाव घडवले, तेव्हा त्याला इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाचे शास्त्र हवे होते. पुढे ते कला आणि सौंदर्य यांच्यापुरते उरले. कांटला हे खटकले. १७८१मध्ये एका तळटीपेत त्याने, रसिकतेच्या चिकित्सेला हे नाव फक्त जर्मन लोक देतात, असा टोला मारून जुन्या अर्थाकडे परतायला सांगितले. कुणी ऐकले नाही. १७९०च्या ग्रंथात खुद्द कांटनेच सौंदर्याच्या निवाड्याला ‘एस्थेटिक’ म्हटले.