माझा मत असा आहे

आम्ही तिघे सोलापुरातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. दोघी आपा आणि एक सर. वय पस्तिशीच्या आसपास, बी.एड. होऊन बरीच वर्षे झालेली. नोकरी लागली तशी पुस्तके मिटली होती. काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षणशास्त्रात एम.ए. करायचे ठरवले. बढतीची आशा होती, हे लपवण्यात अर्थ नाही. दर रविवारी वर्ग. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, मुलांना नानीकडे सोडायचे आणि आपणच विद्यार्थी होऊन बाकावर बसायचे.

वर्ग मराठीत चाले. आम्ही पहिलीपासून उर्दूत शिकलेले. मराठी वाचतो, बाजारात, कचेरीत बोलतो. पण मराठीत विचार मांडायची सवय नव्हती. म्हणून वही दोन्हीकडून वापरत होतो. डावीकडून मराठीत टिपणे, उजवीकडून उर्दूत त्यांचा अर्थ.

दुसऱ्याच रविवारी शाळेतल्या शिस्तीवर चर्चा झाली. आमच्यातली एक आपा उभी राहून म्हणाली, "सर, माझा मत असा आहे की..." मागच्या बाकावर कुणीतरी हसले. उर्दूत दोनच लिंगे, नपुंसकलिंग नाही. त्यामुळे आमची जीभ तिथे नेहमी घसरते. हसणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण आपा वाक्य अर्धवट टाकून खाली बसली. त्यानंतर कित्येक रविवार आम्ही तिघांनी "हो सर" यापलीकडे तोंड उघडले नाही.

अभ्यास मात्र आवडू लागला. रशियाचा व्हिगॉट्स्की भेटला. १९३४ साली तो वारला तेव्हा अवघा ३७ वर्षांचा, म्हणजे आमच्याच वयाचा. मूल एकट्याने जे करू शकत नाही ते जाणत्याच्या मदतीने करू शकते, आणि शिक्षकाचे खरे काम त्या दोहोंमधल्या जागेत आहे, असे तो सांगतो. ब्राझीलचा पाउलो फ्रेरे भेटला. १९६३ साली त्याच्या पद्धतीने तीनशे मजूर सुमारे चाळीस तासांत लिहावाचायला शिकले. पुढच्याच वर्षी लष्करी सत्ता आली आणि त्याला देश सोडावा लागला. शिक्षक मुलांच्या डोक्यात माहिती जमा करतो, जणू बँकेत ठेव ठेवतो, अशी त्याची टीका. आमचे सर हळूच म्हणाले, "बँक आहे, मग सूद कुणाला?" आम्ही हसलो. तेव्हा कळले नाही की ते सूद आमचीच मुले भरत होती.

डॉ. झाकिर हुसेन तर घरचेच वाटले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत शिक्षण मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधारे द्यावे असे ठरले. त्याची योजना आखणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. 'मातृभाषा' हा शब्द आला की आम्ही ताठ बसायचो. आमची तर उर्दू शाळा!

पुढे कृतिसंशोधन आले. आपल्याच वर्गातला एक प्रश्न घेऊन त्यावर उपाय शोधायचा. आम्ही विषय दिला, 'उर्दू शाळेतील मुलांची अशुद्ध भाषा सुधारणे'. मार्गदर्शक सरांनी शीर्षक दोनदा वाचले आणि विचारले, "ही मुले घरी काय बोलतात?"

"दखनी, सर."

"म्हणजे त्यांच्या आईची भाषा तीच ना?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही स्वतः घरी तेच बोलतो.

परतताना आम्हाला पाचवीतली एक मुलगी आठवली. वर्षाच्या सुरुवातीला एका प्रश्नावर ती म्हणाली होती, "मेरेकू आयाच नै." वर्ग हसला होता. आम्ही वर्गाला रागावलो नाही. तिलाच म्हटले, "मेरेकू नहीं, मुझे. आयाच नहीं, आया ही नहीं." त्यानंतर ती फक्त "जी" म्हणायची. प्रगतिपुस्तकात आम्ही लिहिले, 'स्वभाव : खामोश'. रविवारच्या बाकावर आमचा स्वभावही तोच झाला होता.

खरे तर ज्या बोलीची आम्हाला लाज वाटली तिचे घराणे मोठे. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर विजापूर. तिथल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' याच दखनीत लिहिले. औरंगाबादचा वली १७०० साली दिल्लीला गेला आणि तिथले फारसीत लिहिणारे शायर उर्दूकडे वळले, हे आपण सारे शिकलो आहोत. आणि 'आयाच'मधला 'च', 'नक्को'मधला 'नको' मराठीने दिलेले. म्हणजे त्या मुलीच्या एका वाक्यात आपली उर्दूही होती आणि मराठीही.

आम्ही विषय बदलला. फळ्यावर तीन रकाने आखले: घरचा शब्द, उर्दू शब्द, मराठी शब्द. घरचे शब्द मुलांनी आणायचे. परिसर अभ्यासात हवेचा पाठ चालू होता. 'हवा दिसत नाही, मग ती आहे हे कसे कळते?' सगळे गप्प. तेव्हा ती खामोश मुलगी उभी राहिली. तिच्या अब्बांचे सायकलचे दुकान. "ट्यूबकू पानी में डुबाए तो बुडबुडे आते. जहाँ से आए, वहींच पंक्चर रहता." पुस्तकात यापेक्षा चांगले उदाहरण नव्हते. मग तेच वाक्य वर्गाने मिळून आधी उर्दूत बसवले, नंतर मराठीत.

सगळे सोपे झाले असे नाही. एक वालिद शाळेत येऊन म्हणाले, "घरी बोलतात तेच शाळेत बोलायचे, तर शाळेत कशाला पाठवायचे?" त्यांचे चूक नव्हते. परीक्षा किताबी उर्दूत होते, नोकरीला मराठी लागते. आम्ही सांगितले, "भाईजान, दखनीत थांबायचे नाही. तिथून निघायचे." त्यांना पटले की नाही, कोण जाणे. मुलगी मात्र त्यांनी काढून नेली नाही.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेला मान आहे. पण कागदावरचा मान वर्गात पोहोचवायचा तर शिक्षकाच्या तोंडूनच जावा लागतो. आणि शिक्षकाला ते उमगायला कधीकधी स्वतःच्या चुकीवर कुणीतरी हसावे लागते.

तोंडी परीक्षेला तीच आपा बोलली. सुरुवातीलाच पुन्हा "माझा मत" निघून गेले. ती थांबली, "माझे मत" म्हणाली आणि पुढे वीस मिनिटे बोलत राहिली.

उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आपल्या भाऊबहिणींना एवढेच विचारायचे आहे. तुमच्या नोंदींत किती मुले 'खामोश' आहेत? त्यांना खामोश कुणी केले, हे एकदा तपासून पाहाल का?